पासवर्ड बरोबर असूनही फोन वाय-फायला जोडला जात नाही आणि एकाच नावाचे नेटवर्क दोनदा दिसते

प्रश्न : खानापूरची_अभ्यासिका

नमस्कार. खानापूर तालुक्यातील एका गावात आमच्या मंडळाची अभ्यासिका आहे. जुन्या दुमजली वाड्यात ती चालते आणि वाड्याच्या भिंती जांभ्याच्या, चांगल्या दीड-दोन हात जाड आहेत. बसायला ३५ जागा आहेत. सकाळची आणि संध्याकाळची मुले वेगवेगळी असल्याने दिवसाकाठी सत्तरच्या आसपास फोन आमच्या वाय-फायला जोडले जातात. खालच्या मजल्यावर तीन वर्षांपूर्वीचा राउटर आहे. वरचा राउटर गेल्या वळवाच्या पावसात विजेच्या कडकडाटात जळाला, म्हणून बेळगावहून नवा आणून बसवला आणि खालच्या राउटरला केबलने जोडला. ज्या दुकानातून तो घेतला तेथील मुलाने येऊन स्वतःच्या फोनवरून दहा मिनिटांत त्याची मांडणी करून दिली. नाव जुनेच, पासवर्डही जुनाच ठेवायला मी सांगितले होते आणि त्याने तसेच केले.

नाव आमचे मराठीत आहे, 'ॲकॅडमी'. पाटी मराठीत असावी हा आमच्याकडील ज्येष्ठांचा आग्रह सीमाभागात कोणाला नवा वाटणार नाही. तो वाय-फायच्या नावापर्यंत येऊन पोहोचला, इतकेच.

तेव्हापासून तीन तक्रारी सुरू झाल्या आहेत. दुपारी चारनंतर येणाऱ्या काही मुलांचे फोन 'आयपी ॲड्रेस मिळवत आहे' असे दाखवून तेथेच अडकतात. मागच्या खोलीत बसणाऱ्या दोघा-तिघांना आणि मंडळाच्या एका जुन्या टॅबला पासवर्ड अचूक घालूनही 'ऑथेंटिकेशन समस्या' असा संदेश येतो. तिसरी गोष्ट मला सर्वांत चमत्कारिक वाटते. फोनच्या यादीत 'ॲकॅडमी' हे नाव दोनदा दिसते आणि जिना चढून वर गेले की नेट तुटते, मग दुसरी 'ॲकॅडमी' निवडून पासवर्ड पुन्हा घालावा लागतो. मुले रोज येऊन म्हणतात, "पासवर्ड बरोबरच हाय की बाई, पण घेईनाच झालंय." दोन्ही राउटर मी चार वेळा बंद करून चालू केले. फोन वाय-फायला जोडला जातो तेव्हा नेमके काय घडते, हे कोणी नीट समजावून सांगितले तर कोठे चुकते आहे ते शोधण्याची माझी तयारी आहे.

उत्तर १ : टिळकवाडीकर

ताई, तुमच्या तीन तक्रारी म्हणजे तीन वेगवेगळे आजार आहेत. राउटर बंद-चालू करणे हे त्यांतील एकावरच औषध आहे आणि तेही तात्पुरते. मी एका महाविद्यालयात नेटवर्कचे काम पाहतो. 'कनेक्ट होत नाही' हे वाक्य दिवसातून वीस वेळा ऐकतो आणि प्रत्येक वेळी पहिला प्रश्न एकच विचारतो, 'कोणत्या पायरीवर अडले?'

राउटर स्वतःच्या नावाची दवंडी सतत पिटत असतो. बहुतेक राउटरांत दर १०२.४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला सुमारे दहा वेळा, 'मी अमुक नावाचा आहे, माझ्याकडे सुरक्षेचा अमुक प्रकार चालतो' असे सांगणारी एक छोटी चौकट हवेत सोडली जाते. तिला बीकन म्हणतात. फोनच्या यादीतील नावे या बीकनांतून येतात, किंवा फोनने स्वतः हाक मारल्यावर मिळालेल्या उत्तरांतून. नाव निवडले की फोन प्रथम 'ऑथेंटिकेशन' नावाचा एक निरोप पाठवतो आणि राउटर त्याला होकार देतो. गंमत म्हणजे सध्या सर्वत्र चालणाऱ्या डब्ल्यूपीए-२ या वाय-फायच्या सुरक्षापद्धतीत या ऑथेंटिकेशनमध्ये काहीही तपासले जात नाही. तो जुन्या काळचा शिष्टाचार मागे उरला आहे. त्यानंतर 'असोसिएशन', म्हणजे राउटरच्या वहीत फोनची नोंद. पासवर्डचा प्रश्न येथवर आलेलाच नसतो.

खरी परीक्षा त्यानंतरच्या चार निरोपांत होते आणि ती थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. पासवर्ड हवेतून राउटरकडे जातो आणि राउटर तो ताडून पाहतो, असा जवळजवळ सर्वांचा समज असतो. तसे होत नाही, पासवर्ड फोनमधून बाहेर पडतच नाही. फोन आणि राउटर आपापल्या जागी पासवर्ड आणि नेटवर्कचे नाव एकत्र करून ४०९६ वेळा घुसळतात आणि त्यातून २५६ बिटांची एक मूळ किल्ली काढतात. मग राउटर एक यादृच्छिक संख्या पाठवतो. फोन स्वतःची एक संख्या निवडतो. मूळ किल्ली, या दोन संख्या आणि दोन्ही यंत्रांचे मॅक पत्ते (प्रत्येक यंत्राचा वाय-फायवरचा ओळख क्रमांक) यांपासून फोन त्या बैठकीपुरती नवी किल्ली तयार करतो आणि आपली संख्या राउटरला पाठवताना त्या निरोपावर या किल्लीने मोहोर उठवतो. राउटर तेच गणित स्वतः करतो. मोहोर जुळली तर तिसऱ्या निरोपात तो सर्वांसाठी असलेली सामाईक किल्ली कुलूपबंद करून देतो आणि चौथ्या निरोपात फोन पोच देतो. आपल्याकडे बैलबाजारात उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरवतात, भोवती शंभर माणसे उभी असली तरी कोणाला आकडा कळत नाही. येथे तर उपरणेही नसते. दोन्ही संख्या उघड्यावर फिरतात, तरी पासवर्ड ठाऊक नसलेल्या ऐकणाऱ्याला त्यांवरून थेट किल्ली काढता येत नाही.

आता तुमची दुसरी तक्रार पाहू. मोहोर जुळली नाही तर राउटर 'पासवर्ड चुकला' असे सांगत नाही. तो निरोप बाजूला टाकतो, पहिला निरोप पुन्हा पाठवून पाहतो आणि काही प्रयत्नांनंतर फोनला सोडून देतो. फोनला फक्त एवढेच कळते की गणित पुरे झाले नाही. त्यावरून तो 'ऑथेंटिकेशन समस्या' असा तर्क करतो. हेच निरोप क्षीण सिग्नलमुळे हवेत हरवले तरीही तोच संदेश येऊ शकतो. मागच्या खोलीतील मुलांना दाराशी आणून जोडून पाहा. तेथे जोडले गेले तर दोष पासवर्डचा नसून तुमच्या जांभ्याच्या भिंतीचा आहे, आणि पावसाळ्यात ओल धरलेली भिंत सिग्नल अधिकच खाते.

टॅबचे कारण निराळे असावे. नवे राउटर बहुधा डब्ल्यूपीए-२ आणि डब्ल्यूपीए-३ अशा मिश्र पद्धतीवर लावलेले येतात. डब्ल्यूपीए-३ ही पुढची पद्धत आली २०१८ मध्ये. मिश्र पद्धतीत राउटर बीकनमधून दोन्ही प्रकार आणि व्यवस्थापन चौकटींच्या, म्हणजे जोडणी सांभाळणाऱ्या निरोपांच्या, संरक्षणाची सोय जाहीर करतो, आणि काही जुन्या यंत्रांचे ड्रायव्हर (वाय-फायचा भाग चालवणारे सॉफ्टवेअर) ती जाहिरात वाचतानाच गोंधळतात. नवा राउटर काही काळ केवळ डब्ल्यूपीए-२ वर ठेवून पाहा. नाव दोनदा दिसण्याचे कारणही मला हेच वाटते, कारण नाव एक पण सुरक्षेचा प्रकार वेगळा असेल तर काही फोन ती दोन नेटवर्के समजतात.

पहिली तक्रार या सर्वांच्या पलीकडची आहे. 'आयपी ॲड्रेस मिळवत आहे' असे दिसते तेव्हा पासवर्डाची परीक्षा फोन आधीच उत्तीर्ण झालेला असतो. आत येऊन तो जागा, म्हणजे नेटवर्कमधील स्वतःचा पत्ता (आयपी ॲड्रेस), मागतो आणि जागा शिल्लक नसते. खालच्या राउटरच्या डीएचसीपीच्या (हे पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या) पानावर दोन आकडे पाहा, एकूण किती पत्ते वाटायला ठेवले आहेत आणि एक पत्ता किती वेळासाठी दिला जातो. नवा राउटर स्वतः पत्ते वाटत नाही ना, याचीही खात्री करा. एका घरात पत्ते वाटणारे दोघे असले की गोंधळ ठरलेला.

उत्तर २ : निपाणी_वखार

आमच्या तंबाखूच्या वखारीत आम्ही सोपा उपाय केला आहे. नेटवर्कचे नाव लपवून ठेवले आणि ज्यांना परवानगी आहे अशा फोनांचे मॅक पत्ते राउटरमध्ये नोंदवले. त्या यादीत नसलेला फोन आत येऊ शकत नाही, त्यामुळे गर्दीही होत नाही. अभ्यासिकेत मुलांची नोंदवही असतेच. तीतच एक रकाना वाढवून प्रत्येकाचा मॅक पत्ता लिहून घ्यावा, असे मला वाटते.

उत्तर ३ : टिळकवाडीकर

वखारीत आठ-दहा ठरलेले फोन असतील तर हे चालून जाते, परंतु अभ्यासिकेसाठी मी याचा सल्ला देणार नाही. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन खरा मॅक पत्ता न सांगता प्रत्येक नेटवर्कसाठी एक बनावट पत्ता तयार करतो. वहीत मुलाने 'फोनबद्दल' या पानावरचा पत्ता लिहिला आणि राउटरला मात्र दुसराच दिसला, असे होणार. असा बनावट पत्ता ओळखण्याची एक खूण आहे. त्याचे दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई यांपैकी एक असते. शिवाय मॅक पत्ता हवेतून उघडाच जातो, ऐकणाऱ्याला तो उचलून स्वतःचा म्हणून वापरता येतो. लपवलेल्या नावाचेही तसेच. राउटर बीकनमध्ये नाव घालत नाही, पण जोडणी करताना फोनला ते उघडपणे उच्चारावेच लागते आणि बाहेर कोठे गेल्यावरही फोन त्या नावाने हाका मारत फिरतो.

सुरक्षेचा मुद्दा निघालाच आहे तर ताईंना एक विचारतो. तुमचा पासवर्ड कोणाचा मोबाइल क्रमांक तर नाही ना? चार निरोप कोणी टिपून घेतले तर तो घरी बसून एकेक पासवर्ड घालून तीच मोहोर जुळते का, हे पाहत राहू शकतो. राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही. आपल्याकडील मोबाइल क्रमांक ६ ते ९ यांपैकी एका अंकाने सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटींच्या आत, आणि एका चांगल्या ग्राफिक्स कार्डाला हे काही तासांचे काम आहे. डब्ल्यूपीए-३ मध्ये प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी नव्याने बोलावे लागते, त्यामुळे हा घरबसल्या उद्योग बंद होतो. तुम्ही टॅबसाठी डब्ल्यूपीए-२ वर थांबणार असाल तर पासवर्ड लांब हवा. मर्यादा ८ ते ६३ अक्षरांची आहे. चार-पाच असंबद्ध शब्द रोमन लिपीत सलग लिहिले तरी पुरे.

खानापूरची_अभ्यासिका

सर, आपण सांगितल्याप्रमाणे काल रविवारी बसून सर्व तपासले.

पत्त्यांचे अगदी तसेच निघाले. खालचा राउटर १०० पासून १४९ पर्यंत, म्हणजे पन्नासच पत्ते वाटत होता आणि प्रत्येक पत्ता १४४० मिनिटांसाठी, म्हणजे पूर्ण दिवसासाठी. सकाळची मुले दुपारी घरी गेली तरी त्यांच्या नावावरच्या जागा दुसऱ्या दिवसापर्यंत अडून राहत होत्या. आता मुदत १२० मिनिटे केली आहे आणि पत्ते २४९ पर्यंत वाढवले आहेत. आज संध्याकाळी कोणीही अडकले नाही. वरचा राउटर पत्ते वाटत नाही, हेही पाहिले.

मागच्या खोलीतील तिन्ही फोन दाराशी आणताच जोडले गेले. त्या खोलीसाठी पुढे काहीतरी सोय करावी लागेल, तूर्त टेबल हलवले आहे. टॅबचेही आपले निदान बरोबर होते. वरचा राउटर डब्ल्यूपीए-२ वर आणताच तो पहिल्या फटक्यात जोडला गेला. पासवर्ड मोबाइल क्रमांकच होता, तोही आमच्या कार्यवाहांचा, जो आमच्या प्रत्येक पावतीवर छापलेला असतो. दोन्ही राउटरांवर तो बदलला.

मात्र नाव अजूनही दोनदाच दिसते. दोन्ही राउटर आता डब्ल्यूपीए-२ वर आहेत, पासवर्ड एकच आहे, नावही 'ॲकॅडमी' हेच आहे, मी दोन्ही पाने शेजारी उघडून अक्षर न् अक्षर ताडून पाहिले. जिना चढला की नेट तुटणे तसेच चालू आहे.

उत्तर ४ : संकेश्वर_अक्षरजुळणी

मी नेटवर्कवाला नाही. संकेश्वरात लग्नपत्रिका आणि पावती-पुस्तकांच्या अक्षरजुळणीचे काम करतो. म्हणूनच कदाचित माझी नजर पासवर्डाकडे न जाता तुमच्या पहिल्या अक्षराकडे गेली.

ताई, 'ॲ' हे अक्षर संगणकात दोन प्रकारे लिहिता येते. एक प्रकार असा की 'अ' लिहायचा आणि त्यावर चंद्राची खूण स्वतंत्रपणे द्यायची. ही दोन चिन्हे होतात. दुसऱ्या प्रकारात 'ॲ' हे एकसंध अक्षर आहे, जे युनिकोडमध्ये (संगणकातील अक्षरांच्या जागतिक क्रमांक-यादीत) २००८ साली आले. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात. आमच्या धंद्यात याचा फटका रोज बसतो. ग्राहकाने पाठवलेल्या मजकुरात 'ॲड.' शोधायला जावे तर निम्म्या ठिकाणी सापडतो आणि निम्म्या ठिकाणी सापडत नाही. पुष्कळ जुन्या संगणकांवरून लिहिताना पहिला प्रकार उमटतो, तर आताच्या अनेक फोनच्या मराठी कळफलकांवर दुसरा. खालच्या राउटरचे नाव तीन वर्षांपूर्वी संगणकावरून घातले असेल आणि वरच्याचे दुकानातील मुलाने फोनवरून घातले असेल, तर एकाचे नाव सात चिन्हांचे आणि दुसऱ्याचे सहा चिन्हांचे झाले असणार.

तपासायला सोपे आहे. राउटरच्या पानावर नावाच्या चौकटीत पहिल्या अक्षरानंतर कर्सर ठेवा आणि बॅकस्पेस एकदाच दाबा. नुसता चंद्र उडून 'अ' मागे राहिला तर तो जोडून लिहिलेला आहे, पूर्ण अक्षर गेले तर एकसंध आहे. पाहून झाल्यावर पान जतन न करता बंद करा. दोन्हीकडे वेगवेगळे निघाले तर पुन्हा टंकलिखित करू नका. खालच्या राउटरमधील नाव कॉपी करून वरच्यात पेस्ट करा, म्हणजे चूक होण्यास वावच राहणार नाही.

उत्तर ५ : टिळकवाडीकर

पैज लावून सांगतो, हेच असणार. मला हे सुचले नाही, कारण आमच्याकडे सर्व नावे रोमन लिपीत आहेत. वाय-फायच्या दृष्टीने नाव म्हणजे अक्षरे नव्हेत, बाइटांची माळ आहे, आणि ती जास्तीत जास्त ३२ बाइटांची असते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेते. मात्रा, वेलांटी, हलन्त हीसुद्धा प्रत्येकी एक चिन्ह. त्यामुळे तुमच्या एका राउटरचे नाव २१ बाइटांचे आणि दुसऱ्याचे १८ बाइटांचे असेल, तर फोनसाठी ती दोन अनोळखी नेटवर्के आहेत. वर मी म्हटले की मूळ किल्ली काढताना पासवर्डाबरोबर नावही घुसळले जाते. म्हणजे पासवर्ड एकच असूनही दोन राउटरांच्या किल्ल्या मुळापासून वेगळ्या निघतात आणि जिना चढताना फोनला एकीकडून दुसरीकडे सरकताच येत नाही.

या हिशोबाची आणखी एक खोच लक्षात ठेवा. पुढे कधी 'आपली ॲकॅडमी' असे नाव ठेवायचे ठरले, तर एकसंध 'ॲ' घेतल्यास ते ३१ बाइटांत बसते आणि जोडून लिहिल्यास ३४ होऊन राउटर ते नाकारतो किंवा शेपूट कापतो.

खानापूरची_अभ्यासिका

बॅकस्पेस दाबला. खालच्या राउटरवर 'अ' मागे राहिला, वरच्यावर सगळे अक्षर गेले.

संकेश्वरच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे खालचे नाव कॉपी करून वर पेस्ट केले. राउटर सुरू होईपर्यंत पाच-सहा मुले माझ्याभोवती फोन धरून उभी होती. यादीत 'ॲकॅडमी' एकदाच आली. त्यांतील एकाने खाली एक व्हिडिओ व्याख्यान लावले आणि फोन हातात धरून जिना चढला. वरच्या पायऱ्यांवर चित्र क्षणभर थबकले आणि पुढे चालू लागले. मग बाकीच्यांनीही जिना चढून-उतरून पाहिला. ज्येष्ठांपैकी एकजण वर्तमानपत्र खाली ठेवून हा काय प्रकार चालला आहे ते विचारायला आले, त्यांना मी 'अ' वरच्या चंद्राची गोष्ट सांगितली. त्यांनी एवढेच विचारले, "मग आता नाव मराठीतच राहणार ना?" राहणार आहे, म्हणून सांगितले.